एका गुणाचे नाव

इंग्रजीतील ‘शिव्हलरी’ या शब्दाचे मूळ घोड्यात आहे. आपल्याकडे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. परंतु ‘शिलेदारी’ला तो नैतिक अर्थ कधी चिकटला नाही. ‘स्त्रीदाक्षिण्य’ म्हणावे, तर समोरची व्यक्ती दुबळी आहे असे आधीच गृहीत धरले जाते. ‘औदार्य’ तर नेहमी वरून खाली येते. १६५९ मध्ये अफझलखानाचा वध झाला. त्याची कबर मात्र प्रतापगडाच्या पायथ्याशीच, जेत्यांच्या भूमीत आहे. वैर मृत्यूपाशी थांबवणाऱ्या या वृत्तीला काय म्हणावे? मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या आदिलाबादचा मी. मी ‘दिलदारी’ म्हणेन. शब्द फारसी आहे, असू दे. त्यात शत्रूही बरोबरीचा राहतो. म्हणूनच आपण ‘दिलदार शत्रू’ म्हणतो. ‘दाक्षिण्यशील शत्रू’ कोणी म्हणत नाही.