कचरो येता खंयसून?

चंदीगडमधल्या एका घरामागच्या अंगणात, पाण्यानं भरलेल्या लोखंडी पिंपाच्या काठावर, एक आऊटबोर्ड मोटर टांगलेली होती. मालवणहून आलेला भाचा दोरी ओढी, मोटर सुरू होई, मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडू लागे आणि दहा मिनिटं मशीन असं एका सुरात चाले की ऐकत राहावं. मग आवाज उतरे. धाप लागल्यासारखी दोन-चारदा गचके खाऊन मोटर बंद पडे.

मोटर जुनी, टू-स्ट्रोक. 2023 च्या जुलैत पंजाबात पूर आला तेव्हा सतलजकाठच्या गावात कुणीतरी ती वापरली होती. पाणी ओसरल्यावर ती गोठ्यात पडून राहिली. भाच्यानं ती टाकी-नळीसकट भंगाराच्या भावात घेतली. तो नोकरीसाठी चंदीगडला मामांकडे राहत होता आणि गावी थोरल्या भावाच्या होडीला मशीन नव्हतं.

पोराच्या हातात कसब होतं. आयटीआय झालेला. त्यानं जुना प्लग काढून नवा घातला. ठिणगी निळी, कडक पडत होती. कॉम्प्रेशन चांगलं होतं. पाण्याची धार जोरदार, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा पंपही धड. उरला कार्ब्युरेटर. तो खोलला तर जेटच्या केसाएवढ्या भोकात तपकिरी भुकटी अडकलेली. धुतली, हवा मारली, जोडलं. दहा मिनिटं चालली आणि पुन्हा तेच. पुढच्या रविवारी पुन्हा खोललं, पुन्हा भुकटी. तिसऱ्या रविवारीही तेच. मोटर मरायला टेकली की नळीतला रबरी फुगा दाबावा, ती घटकाभर सावरे. पेट्रोल पुढे पोचत नाही, एवढं ती खूण स्पष्ट सांगत होती. हातांना ते कळत होतं. डोक्यात मात्र कार्ब्युरेटरच बसला होता. कसबी माणसाचं असं होतं. जो भाग त्याला उत्तम खोलता येतो, तिथेच तो पुन्हा पुन्हा जातो.

मामांना इंजिनातलं काही कळत नसे. सगळी नोकरी त्यांनी मृदसंधारणात, शिवालिकच्या टेकड्यांमध्ये घालवलेली. तिसऱ्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते भाच्याला सुखना तळ्यावर फिरायला घेऊन गेले. बांधावर माणसं चालत होती, पाणी निवांत होतं. तळ्यात मोटरबोटी फिरू नयेत हा शहराचे रचनाकार ल कॉर्बुझिए यांचा आग्रह. त्यामुळे इथे वल्ह्याच्या आणि पायानं चालवायच्या बोटी.

"ह्या तळा एकदा मरता मरता रवला," मामा म्हणाले, आणि चालता चालता सांगू लागले.

1958 मध्ये सुखना चो या पावसाळी ओढ्यावर बांध घालून हे तळं केलं. पण दर पावसाळ्यात टेकड्यांवरून इतकी माती वाहून येई की तळं झपाट्यानं भरत चाललं. गाळ काढावा तर पुढच्या पावसात नवा हजर. तेव्हा इथल्या मृदसंधारण संशोधन केंद्रात पी. आर. मिश्रा नावाचे शास्त्रज्ञ होते. गाळ उपसायचा कसा, या प्रश्नावर ते थांबले नाहीत. तो येतो कुठून ते पाहायला ते ओढ्याच्या काठानं वर चढत गेले आणि सुखोमाजरी नावाच्या छोट्या गावाशी पोचले. गावातली शेती पावसाच्या भरवशावरची, म्हणून लोकांनी शेळ्या-गुरं डोंगरावर सोडलेली. डोंगर बोडका झाला होता आणि त्याची माती थेट चंदीगडच्या तळ्यात येत होती.

लोकांना चराई थांबवा म्हणणं सोपं होतं. त्यांनी खायचं काय? 1976 मध्ये तिथे मातीचा पहिला छोटा बंधारा झाला. पाणी शेतात पोचलं, पीक हाती लागलं, आणि मग गावानंच ठरवलं की डोंगरावर गुरं सोडायची नाहीत. कुंपण घालावं लागलं नाही. बंधाऱ्याच्या पाण्यात भूमिहीनांनाही सारखा वाटा ठेवला, कारण डोंगरावरची चराई तेही बंद करणार होते. टेकडीवर गवत आलं, दोराला आणि कागदाला लागणारं भाबर आलं, आणि त्या बाजूनं येणारा गाळ झपाट्यानं घटला. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात 'माथा ते पायथा' म्हणतात, तेच हे. मामांच्या मते भारतातल्या मृदसंधारणाचा हा सर्वांत मोलाचा धडा, आणि मलाही तसंच वाटतं.

मामा थांबले. भाच्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या मशीनात कचरो येता खंयसून?"

भाचा काही बोलला नाही. घरी गेल्यावर त्यानं कार्ब्युरेटरला हात लावला नाही. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून ती अंगणात सावलीला ठेवली. संध्याकाळी बरणीच्या तळाशी बोटभर पाणी वेगळं झालं होतं आणि त्यात गंजाचा चुरा बसला होता. एथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की ते एथेनॉलला बरोबर घेऊन खाली बसतं. ही टाकी तर पावसाळे काढत गोठ्यात पडलेली. मग त्यानं रबरी नळी उभी चिरली. आतला थर सुटून काळ्या पापुद्र्यांनी वाट अर्धी बुजली होती. जेटमधली भुकटी टाकीतून येत होती आणि पेट्रोलची वाट नळीच अडवत होती.

गंजलेली टाकी त्यानं भंगारात दिली. नवी प्लॅस्टिकची टाकी, नवी नळी, नवा फुगा आणले, मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला. कार्ब्युरेटर चौथ्यांदा, शेवटचा, साफ केला. पिंपातलं पाणी बदलून दोरी ओढली. दहा मिनिटं गेली, वीस गेली, चाळीस मिनिटांनी त्यानं स्वतःच मोटर बंद केली.

नारळी पौर्णिमेआधी मोटर मालवणला पोचली. भावाला फोनवर भाच्यानं एवढंच सांगितलं, की हंगाम संपला की टाकीत पेट्रोल ठेवू नको, दर महिन्याला फिल्टर उघडून बघ, आणि मशीन अडलं तर आधी टाकी बघ. त्या हंगामात कार्ब्युरेटर एकदाही खोलावा लागला नाही.