ओळंबा

किल्लारीचा विषय निघाला की आजी एकच वाक्य बोलते. "देवानं न्याय केला." मग उठून आत जाते.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं झाली होती. आमचं गाव किल्लारीपासून जवळच. बाबा तेव्हा वाळूजच्या एका कारखान्यात लागले होते, म्हणून ते इथे, औरंगाबादला. आजी ओसरीवर झोपली होती. अकरा वर्षांची आत्या आतल्या खोलीत. हवेत गारवा होता म्हणून आजीनंच तिला "आत जाऊन झोप" म्हटलं होतं.

त्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे दहा हजार माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा. आत्याला मी फक्त एका फोटोत पाहिलंय.

इंजिनिअरिंगला असताना मला वाटायचं, आजीच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर आहे. ६.२ रिश्टरचा भूकंप हा जगातला फार मोठा भूकंप नव्हे. माणसं मेली ती घरांमुळे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर टनावारी मातीचं माळवद. हे सगळं मी एकदा आजीला समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "भिंत पडली ते मला बी दिसलं रे. माझ्याच घराची का पडली, ते सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हॉस्टेलला माझा रूममेट जालन्याचा, ख्रिस्ती घरातला. कॉलेज संपताना त्याने मला त्याच्या आजोबांचं जुनं मराठी पवित्र शास्त्र दिलं. मी देव मानतो की नाही, हे मलाच नीट सांगता येत नाही. ते पुस्तक कित्येक महिने तसंच पडून होतं. एका रात्री सहज उघडलं आणि आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकाशी थांबलो. कारण पहिल्याच वाक्यात भूकंप होता. आमोसने हे सांगितलं ते भूकंपाच्या दोन वर्षं आधी, अशी तिथे नोंद आहे.

आमोस इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला. तकोवा गावचा मेंढपाळ, उंबरांच्या झाडांची निगा राखणारा. आपण पेशाने संदेष्टे नाही, हे तो स्वतःच सांगतो. दक्षिणेतून तो उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला. राजा दुसरा यराबाम, राज्याची भरभराट, देवळात गर्दी. तिथे उभा राहून हा माणूस सांगू लागला की देव तुमचा न्याय करणार आहे. बेथेलच्या देवळातल्या पुजाऱ्याने त्याला सांगितलं, तुझ्या गावी जा आणि तिकडे भाकरी कमव.

मला वाटलं होतं, आता आजीचंच वाक्य पुन्हा वाचायला मिळणार. पण मिळालं एक आरोपपत्र, तेही अगदी बारीक तपशिलांचं. गरिबाला जोड्याच्या किमतीत विकता. धान्य मोजायचं माप लहान ठेवता, पैसे तोलायचं वजन मात्र जड. गव्हात भुसा मिसळून विकता. सण कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो, याची वाट बघता. आणि एवढं करून देवापुढे गाणी म्हणता, ती त्याला नको आहेत.

या न्यायासाठी हिब्रूत शब्द आहे 'मिश्पात'. खटला, निवाडा, कायदा, हक्काचं ज्याला त्याला मिळणं, हे सगळे अर्थ त्यात येतात. मराठीतही गंमत बघा. 'देव न्याय करील' म्हटलं की आपण घाबरतो आणि 'न्याय मिळाला' म्हटलं की सुटल्यासारखं वाटतं. शब्द तोच आहे, आपण कुठल्या बाजूला उभे आहोत यावर तो कसा ऐकू येतो ते ठरतं. यशया न्यायाबद्दल बोलतो तेव्हा अनाथ आणि विधवा यांची नावं घेतो. त्यांच्यासाठी न्यायाचा दिवस म्हणजे कित्येक वर्षं पुढे ढकललेली तारीख एकदाची लागणं.

पण इथे एक अडचण आहे आणि ती लपवून पुढे जाणं खरं नाही. आमोस दुष्काळाबद्दलही बोलतो. एका गावावर पाऊस पडला, शेजारचं कोरडं राहिलं, तरी तुम्ही वळला नाहीत, असं तो देवाच्या तोंडून म्हणतो. मराठवाड्यात राहून हे वाचणं सोपं नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले होते की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला आणि गांधीजींनी तो 'हरिजन'मध्ये छापला. माझं मत टागोरांच्या बाजूने आहे. पाप उच्चवर्णीयांचं आणि घर पडणार कुणाचंही, याला न्याय कसं म्हणायचं?

तरी आमोसला मी सोडू शकलो नाही, कारण तो कुणाशी आणि कधी बोलतो ते महत्त्वाचं आहे. त्याचं बोट ढिगाऱ्याखालच्या माणसाकडे नाही. ताकद असलेल्यांशी तो बोलतो, आणि वेळ असताना बोलतो. पुढे त्याला दृष्टान्त होतात. टोळधाड दिसते, आग दिसते, आणि दोन्ही वेळा तो देवालाच विनवतो की हे लोक फार लहान आहेत, यांना सोड. देव ऐकतो. तिसऱ्या वेळी त्याला भिंतीशी धरलेला ओळंबा दिसतो. गवंड्याचा असतो तो, दोरीला बांधलेलं वजन. ओळंबा भिंत पाडत नाही. ती कुठे कलली आहे, तेवढंच दाखवतो.

कोकणातल्या बेने इस्राएलांकडे, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या 'शनिवार तेल्यां'कडे, न्यायाच्या या दिवसाला मराठी नाव आहे, 'दारफळणीचा सण'. दार बंद होण्याचा दिवस. हिब्रूत तोच योम किप्पूर. जगभरच्या सिनेगॉगमध्ये त्या दुपारी योनाचं पुस्तक वाचतात. चाळीस दिवसांत निनवे शहर बुडणार असं योना सांगतो, शहर सुधारतं आणि ते बुडत नाही. भविष्य चुकलं म्हणून योना चिडतो. पण ते सांगितलं होतं ते चुकावं म्हणूनच. दार अजून उघडं आहे, तोवरच.

आता माझं. मी घरून काम करतो, घरपोच सामान पोहोचवणाऱ्या एका ॲपसाठी. तीन वर्षांपूर्वी अंतर मोजायचा कोड मी लिहिला. पोरांना पैसे देताना २.९ किलोमीटरचे २ धरायचे, ग्राहकाकडून घेताना २.१ चे ३. मला तसं लिहायला सांगितलं होतं, मी लिहिलं. आमोस वाचत होतो त्या रात्री लहान माप आणि जड वजन या ओळीशी आलो आणि मला माझी फाइल आठवली. कॅनॉटला चहा प्यायला जातो तेव्हा ही पोरं गाड्या लावून उभी असतात. त्यांच्याकडे बघवेना.

मी मीटिंगमध्ये विषय काढला. "पुढच्या तिमाहीत बघू," असं उत्तर आलं. मी टिकेट टाकलं, ते अजून बॅकलॉगमध्ये आहे. दर सोमवारी मी ते वर आणतो, कुणीतरी ते खाली ढकलतं. नोकरी सोडलेली नाही. घराचा हप्ता आहे. हे मी अभिमानाने सांगत नाहीये.

गेल्या महिन्यात आजीपाशी बसलो. भिंतींचं काही बोललो नाही. म्हटलं, "आजी, एका जुन्या पुस्तकात देव न्याय करतो तो मापात मारणाऱ्यांचा. लेकराला थंडी लागू नये म्हणून आत झोपवणाऱ्या आईवर त्यात कुठंच आरोप नाही. मी सगळं पुस्तक शोधलं."

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "नीट शोधलंस का?"

"दोनदा," मी म्हणालो.

त्या दिवशी ती उठून आत गेली नाही.