लावणीचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असा दंडक आपल्या पूर्वजांनी घालून दिला असला, तरी कलेच्या प्रांतात तो कुणी फारसा मानल्याचे दिसत नाही. आणि लावणीच्या बाबतीत तर प्रत्येक पिढीने तो हेतुपुरस्सर मोडलेला आहे. ढोलकीच्या तालावर गायिल्या आणि नाचल्या जाणाऱ्या या शृंगारप्रधान रचनेचे मूळ कोणत्या काळात, कोणत्या जातीत, कोणत्या दरबारात, याची चौकशी गेली दीडशे वर्षे अखंड चालू आहे. मात्र त्या चौकशीचा इतिहास बारकाईने पाहिला, तर तिच्यातून लावणीच्या उगमापेक्षा चौकशी करणाऱ्यांच्या गरजांविषयीच अधिक माहिती मिळते, असे माझे मत आहे.

या विचाराला सांगली-मिरजेचा परिसर विशेष अनुकूल आहे. दोन शहरांच्या मधल्या माळावर, जेथे १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय उभे राहिले त्या विश्रामबागेत राहणाऱ्या सुशिक्षित माणसाला ‘आपल्या मुलखाने मराठी रंगभूमीला काय दिले’ असे विचारले, तर तो क्षणाचाही विलंब न लावता १८४३ साल सांगेल, श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी सादर केलेल्या ‘सीतास्वयंवरा’चा उल्लेख करील, आणि दरवर्षी पाच नोव्हेंबरला सांगलीत दिल्या जाणाऱ्या गौरवपदकाचीही आठवण देईल. हे सारे यथार्थच आहे. परंतु त्यानंतर अवघ्या बावीस वर्षांनी, १८६५ साली, याच मुलखातील तासगाव तालुक्यातल्या सावळज गावी मांग समाजातील उमाजीने ‘मोहना-बटाव’ हा वग रचला, आणि तोवर गण, गौळण, लावण्या व सवाल-जवाब यांपुरत्या असलेल्या तमाशाला सलग कथानकाची जोड मिळाली, ही गोष्ट त्याला ठाऊक असेलच असे नाही. एकाच पिढीत, एकाच नदीच्या खोऱ्यात मराठी नाट्याचे दोन जन्म झाले. पैकी एकाची नोंद संस्थानच्या आश्रयाने दफ्तरी राहिली, दुसऱ्याची फडकऱ्यांच्या तोंडी.

पेशवाईच्या उत्तरार्धात लावणी भरास आली, तेव्हा तिचे कूळ विचारण्याची आवश्यकता कुणाला भासली नसावी. राम जोशी आणि अनंत फंदी हे ब्राह्मण, होनाजी गवळी आणि त्याचा जोडीदार बाळा शिंपी, परशरामही शिंपी, सगनभाऊ तर जातीने मुसलमान. पुसेसावळीचा हैबती अध्यात्माची कोडी घालणाऱ्या भेदिक लावणीत रमणारा. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानीत आणि तुरेवाले शिवाला. भांडण होई ते या तत्त्वाचे आणि रचनेतील कौशल्याचे, शाहिराच्या जातीचे नव्हे. परंतु एवढ्यावरून लावणी ही सर्व जातींची सामाईक मिळकत होती असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. रचणाऱ्याची जात कोणतीही चाले. नाचणाऱ्याची मात्र ठरलेली होती. बटकी आणि कसबिणी, कोल्हाट्यांच्या मुली, महार-मांगांच्या घरचे हलगीवाले व ढोलकीवाले, आणि ज्या फडात स्त्री उभी राहत नसे तेथे लुगडे नेसून नाचणारा ‘नाच्या’ पोरगा, यांच्या अंगावर ही कला उभी होती. शब्दाची मालकी एका हाती आणि देहाची झीज दुसऱ्याच्या पदरी, ही वाटणी त्या काळीच पक्की झालेली दिसते.

इंग्रजी अमदानीत जुन्या गाण्यांचे संकलन सुरू झाले, तेव्हा या वाटणीत आणखी एक भेद पडला. अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. पोवाड्यात लढाया होत्या, सरदार होते, इतिहास होता, आणि नवशिक्षितांना त्या वेळी इतिहासाची भूक लागलेली होती. एकाच शाहिराच्या एकाच मुखातून निघालेली ही दोन अपत्ये. पैकी पोवाडा राष्ट्राच्या दिवाणखान्यात बसला आणि लावणी माजघरातसुद्धा येऊ शकली नाही. पुढे सरकारी अधिकाऱ्यांनी जातींच्या याद्या तयार केल्या, तेव्हा नाचणे हा काही जातींचा वंशपरंपरागत धंदा म्हणून नोंदला गेला, आणि जी गोष्ट आजवर सक्तीची व गरिबीची होती ती कागदावर स्वभावाची ठरली.

या पार्श्वभूमीवर श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचे चरित्र पाहावे. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष गावी १८६६ साली ब्राह्मण कुळात जन्मलेला, कुलकर्णपणाचे वतन पाठीशी असलेला हा तरुण घरदार सोडून फडात शिरला, महार समाजातील पवळेबरोबर त्याने रंगमंच गाजविला आणि पठ्ठे बापूराव या नावाने तो अजरामर झाला. त्याचे वर्णन बहुधा पतनाची किंवा त्यागाची कथा म्हणून केले जाते. मला दोन्ही वर्णने अपुरी वाटतात, कारण दोहोंतही त्याने जे सोडले त्याचीच मोजदाद आहे. ज्या फडाने त्याला जवळ केले आणि ज्या पवळेने त्याच्या शब्दांना देह दिला, तिच्या वाट्याला त्या कथेत एखाददुसरे वाक्य येते. १९४५ साली तो दारिद्र्यात वारला. पवळा त्याच्या आधीच गेली होती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या प्रश्नाला एक अनपेक्षित वळण मिळाले. सातारा-कोल्हापूरच्या गावोगाव सत्यशोधक जलसे हिंडू लागले, आणि त्यांच्या मागून आंबेडकरी जलसे निघाले. या जलशांनी तमाशाचा सांगाडा उचलला, गणातला गणपती बदलला वा काढून टाकला, सोंगाड्याच्या तोंडी भटा-सावकारांवरचे प्रश्न घातले. शृंगारिक लावणी आणि नाचणारी बाई मात्र त्यांनी निश्चयपूर्वक बाहेर ठेवली. ज्या समाजांच्या माथी ही कला ‘कुळाची’ म्हणून मारली गेली होती, त्यांतलेच जागे झालेले लोक म्हणत होते की हा वारसा आम्हाला नको. वारसा नाकारण्याचा हा अधिकार अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही. परंपरा जपण्याचा उपदेश बहुधा ज्यांच्या घरातली मुलगी त्या परंपरेत नाचत नाही असेच लोक करतात.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले, सुधारणेसाठी समिती नेमली, आणि परवानगीवाचून फड उभा करणे कठीण झाले. परंतु त्याच सुमारास, १९४७ साली, ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट ग. दि. माडगूळकरांची गीते घेऊन आला आणि शहरी कुटुंबे लावणी ऐकण्यासाठी तिकिटे काढू लागली. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशाला लोकनाट्य म्हटले, त्यात गिरणीकामगार आणला, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ‘माझी मैना’ ही छक्कड रचून गावी राहिलेल्या बायकोच्या विरहात सीमाभागाचा विरह मिसळून टाकला. शृंगाराचा साचा तसाच ठेवून त्यात भाषिक प्रांताची तळमळ ओतणे, हे माझ्या मते लावणीच्या इतिहासातील सर्वांत धाडसी स्थित्यंतर होय. मांग समाजात जन्मलेल्या एका कम्युनिस्टाने लावणीला महाराष्ट्राची ओळख केले. पण ती ओळख रूढ झाल्यावर तिच्यातून मांग आणि कम्युनिस्ट हे दोन्ही शब्द हळूहळू गळाले.

राज्य स्थापन व्हायचे होते, त्याला प्राचीनता हवी होती. स. आ. जोगळेकरांची ‘गाथासप्तशती’ १९५६ साली प्रसिद्ध झाली, आणि हालाच्या प्राकृत गाथांतील ग्रामीण शृंगारात लावणीचे बीज पाहण्याची प्रवृत्ती बळावली. साम्य आहे, हे कोण नाकारील? परंतु सातवाहन आणि सगनभाऊ यांच्यामध्ये दीड सहस्रकाहून अधिक काळ पसरलेला आहे, आणि तेवढे अंतर केवळ साम्याच्या पुलावरून ओलांडता येत नाही. स्पेनमध्येही असेच घडले: १९२२ साली ग्रानाडा येथे फाल्या आणि लोर्का यांनी आंदालुसियाच्या ‘खोल गाण्या’ची स्पर्धा भरविली, तेव्हा शुद्ध मुळाचा शोध घेताना त्यांनी धंदेवाईक गायकांना भाग घेण्यास मज्जाव केला, म्हणजे ज्यांनी ते गाणे पोटासाठी जिवंत ठेवले, त्यांनाच वगळले.

आपल्याकडे या वगळण्याचा स्पष्ट जाब मागितला तो शतकाच्या शेवटच्या दशकात. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आले, आणि वडिलांच्या जागी आईचे नाव लावणाऱ्या त्या लेखकाने नाचणाऱ्या बाईच्या घरात संध्याकाळनंतर काय चालते ते सांगितले. पुढच्याच वर्षी शर्मिला रेगे यांनी लावणी-कलावंतिणींच्या शोषणाची जातीच्या आणि लिंगभावाच्या अंगाने मांडणी केली. त्यानंतर लावणीच्या सौंदर्याविषयी निर्व्याजपणे लिहिणे अशक्य झाले, आणि ते योग्यच झाले.

पंडितांनी लावणीला प्राचीन ग्रंथ दिला, सरकारी यादीने जात दिली, राज्याने भाषा दिली. प्रत्यक्ष फडकऱ्यांनी स्वतःची ओळख कशी सांगितली, हे मात्र त्यांच्या फलकांवरच वाचावे लागते. उमाजी सावळजकर. शिवा-संभा कवलापूरकर, आणि त्यांच्या पुढच्या पिढीतले लहू-अंकुश खाडे हे जुळे भाऊ, ज्यांना अवघा महाराष्ट्र काळू-बाळू कवलापूरकर म्हणून ओळखतो. विठाबाई नारायणगावकर. वाईच्या यमुनाबाई वाईकर, ज्यांना १९७५ साली संगीत नाटक अकादमीचा आणि वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, २०१२ साली, पद्मश्रीचा मान मिळाला. या यादीत जात नाही, घराणे नाही, पेशवाई नाही आणि सातवाहनही नाहीत. आहे ते केवळ गावाचे नाव. ब्राह्मण-मराठ्यांच्या आडनावात गाव येते तेव्हा मागे बहुधा इनाम किंवा वतन असते. या मंडळींच्या मागे गावच्या दफ्तरात नोंदवण्याजोगे काही नव्हते, आणि त्यांपैकी कित्येकांची घरे तर त्या गावच्या कुसाबाहेर होती. तरीही सावळजच्या मांगवाड्यातल्या माणसाने आपल्या वगावर गावाचे नाव लावले, आणि तो वग ज्या ज्या जत्रेत उभा राहिला त्या त्या जत्रेत सावळज या गावाची कीर्ती त्याच्या तोंडून पसरली.