आधी टेप काढ

शॉकअपचा फोटो पाठवलास आणि खाली एकच ओळ: "सर, घेऊ का?" मी विचारलं, पूर्ण दाबल्यावर लांबी किती, पूर्ण ताणल्यावर किती? उत्तर आलं, "ते बघितलं नाही, पण कंपनी चांगली आहे आणि सेट स्वस्तात मिळतोय." कुठल्या गाडीचे? तुझ्या जिप्सीच्या दुप्पट वजनाच्या गाडीवरून उतरवलेले. बरं, तुझ्या गाडीला किती लांबीचे लागतात? तेही माहीत नाही. मग मी हो म्हणू कशाच्या जोरावर, आणि तू पैसे मोजणार कशाच्या जोरावर?

दोन वर्षं तू माझ्यासमोर बसलास. मोटार मेकॅनिकच्या बॅचमध्ये पाट्यांचा संच सुटा करून पुन्हा त्याच क्रमाने बांधायला तुला अर्धा तास पुरायचा. दुसऱ्या कुणी हा प्रश्न विचारला असता तर मी शांतपणे समजावलं असतं. तुझ्यावर मात्र चिडलोय, कारण तुला हे सगळं येतं. कळतं पण वळत नाही, हे तुझं दुखणं आहे. दुखणंही म्हणवत नाही. आळस आहे हा.

गेल्या रविवारी तुझ्या दारात गाडी बघितली. मागच्या डाव्या शॉकअपचा खालचा बुश संपलाय आणि ती जागा तू बांधकामाच्या तारेने आवळलीस. चार वेढे! शॉकअपच्या अंगावर तेल ओघळून त्यावर धूळ बसलीय, बोटाने खरवडली तर खपली निघते. उजव्याचा दांडा एका बाजूने घासून पांढरा पडलाय. आणि तू शेजारी उभा राहून काय म्हणालास? "चालतंय सर." काय चालतंय? याच गाडीत पोरांना बसवून पसरणी घाट उतरतोस ना? धोमच्या मागच्या वाड्यांपर्यंत सामान नेतोस ना? खडबडीत उतारावर ब्रेक दाबल्यावर चाक जमिनीला टेकलेलं राहिलं तरच गाडी थांबते. उडणाऱ्या चाकाला ब्रेक लागून उपयोग काय? चाक जमिनीवर धरून ठेवायचं काम शॉकअपचं आहे आणि ते तू तारेवर सोपवलंस.

वर मला सांगतोस, बंपर दाबून बघितला, गाडी एकदाच हलली आणि थांबली, म्हणजे शॉकअप तसे बरे आहेत. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. ही परीक्षा मऊ कॉइल स्प्रिंगच्या मोटारीची आहे. तुझ्या जिप्सीला चारही चाकांवर पाटे. १९८५ साली पहिली जिप्सी आली तेव्हाही पाटेच होते, १९९६ च्या जिप्सी किंगमध्येही पाटेच. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानेच हालचाल मरते. तुझ्या पाट्यांमध्ये तर गंज धरलाय, ते एकमेकांना चिकटलेत. हाताने दाबलेली गाडी गंजाने थांबली आणि तू श्रेय दिलंस शॉकअपला. खड्ड्यात चाक जोरात आपटतं तेव्हा हा गंज तुझ्या मदतीला येणार नाही. शॉकअप तपासायचा तर काढून, उभा धरून, हाताने सावकाश दाबायचा आणि ओढायचा. मध्येच कुठे हात रिकामा पडला, अडथळाच जाणवला नाही, तर तो संपला. हे मी तुला तुझ्याच हाताने करायला लावलं होतं. आठवतंय ना?

दुसरी तुझी समजूत अशी की मागून गाडी बसलीय, गॅसचे शॉकअप टाकले की उचलेल. अरे, वजन पेलायचं काम कुणाचं? पाट्यांचं. शॉकअप फक्त पाट्यांची उसळी गिळतो आणि तिची उष्णता करून टाकतो. गॅसच्या दाबाने दांडा थोडा बाहेर रेटला जातो, म्हणून गाडी किंचित वर आल्यासारखी दिसते. तेवढ्यावर मागच्या बाकांवर बसलेली माणसं आणि सिमेंटच्या गोण्या तोलल्या जाणार आहेत का? तुझा मागचा पाटा सरळ झालाय, शॅकल मागे कललाय, हे वाकून बघितलं असतंस तर दिसलं असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आधी पाटेवाल्याकडे जा, पाट्यांना कमान मारून घे, तुटलेला असेल तर बदल, मध्ये साफ करून ग्रीस लाव, शॅकलचे बुश नवे घाल. गाडी आपल्या उंचीवर उभी राहू दे. त्याआधी घेतलेलं कुठलंही माप खोटं ठरेल, कारण बसलेल्या पाट्यावरचं माप हे बसलेल्या पाट्याचंच असतं.

आता मापाकडे येतो. खरा राग मला इथे आहे.

सपाट जागी उभ्या गाडीवर शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर मोजायचं. मग बंपस्टॉप आणि त्याच्या खालची बैठक यांतली मोकळी जागा मोजायची. पहिल्यातून दुसरी वजा केली की चाक पूर्ण वर गेल्यावरचं अंतर मिळतं. रबर दबतं, त्यासाठी आणखी थोडं सोड. मग चेसिस जॅकने उचलून स्टँडवर ठेव, शॉकअप सोडव, चाक लोंबू दे आणि पुन्हा मोज. हे दुसरं टोक. समजा वर साडेतेरा इंच आणि खाली साडेएकोणीस इंच आले. तर दाबल्यावर साडेबारा आणि ताणल्यावर साडेवीसच्या आसपास जाणारा शॉकअप शोधायचा, दोन्हीकडे इंचभर मोकळीक ठेवून. एवढंच आहे. एक टेप, एक जॅक, एक दुपार. ती दुपार तुझ्याकडे नाही, पण रात्री अकरा वाजता शॉकअपचे फोटो बघत बसायला वेळ आहे.

चुकलं तर काय होतं, हे तुला माहीत नाही असं म्हणू नकोस. दाबल्यावरची लांबी जास्त असली तर बंपस्टॉप टेकायच्या आधीच शॉकअप तळ गाठतो. मग तो शॉकअप राहत नाही, पहार होते. प्रत्येक खड्ड्यात वरची ब्रॅकेट ठोकली जाते आणि एक दिवस चेसिसपासून चिरते. ताणल्यावरची लांबी कमी पडली तर चाक खड्ड्यात उतरताना सगळा हिसका खालच्या बुशवर येतो. तुझ्या तारेच्या चार वेढ्यांचं मूळ बहुधा हेच आहे, कधी तपासलंस? आणि नुसताच लांब घेतलास तर धुरा पूर्वीपेक्षा जास्त खाली लोंबणार. मग ताण कुणावर येणार? ब्रेकच्या रबरी होजवर. म्हणून चाक लोंबत असताना होजला बोट लावून बघायचं, ती सैल हवी. जिवाशी गाठ आहे ही.

त्या सेटचे शॉकअप नाही बसले तर ब्रॅकेट वेल्ड करून तिरके बसवतो, असंही म्हणालास. फळ्यावर मी काढून दाखवलं होतं: शॉकअप उभ्या रेषेपासून ३० अंश कलला की चाकावरचा त्याचा परिणाम तीन-चतुर्थांश राहतो, ४५ अंशांवर निम्मा. चाक जितकं हलतं तितका दांडा हलत नाही, आणि जोरही तिरका लागतो, म्हणून दुहेरी घट. तू वहीत आकृती उतरवून घेतली होतीस. उतरवून घेतली होतीस की नाही?

आता त्या सेटमधल्या जाड शॉकअपविषयी. मोठा, जाड, म्हणजे चांगला, हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही. ते वजनदार गाडीच्या ताठ स्प्रिंगसाठी बांधलेले आहेत. जिप्सीचं वजन एक टनाच्या आसपास. परतीच्या हालचालीला इतका अडथळा असला की पाटा एका खड्ड्यातून सावरायच्या आत दुसरा खड्डा येतो, दबलेला पाटा दबलेलाच राहतो, आणि रेघारेघांच्या कच्च्या रस्त्यावर गाडी हळूहळू खाली बसत जाऊन बंपस्टॉपवर आदळायला लागते. पैसे मोजून तू हाडं खिळखिळी करून घेणार.

मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा शॉकअप, वाईट नाही. फ्रान्सच्या द कार्बोनने १९५० च्या दशकात तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन सरकत्या पिस्टनने वेगळे ठेवले, म्हणून लांब खडबडीत वाटेवर तेलाचा फेस होत नाही आणि शॉकअप ढिला पडत नाही. पण त्याची नळी म्हणजेच सिलिंडर. दगड लागून पोचा आला की आतला पिस्टन अडलाच. दुहेरी नळीचा शॉकअप बाहेरून पोचा खाऊनही चालत राहतो. तुझं बहुतेक काम लहान अंतराचं, दगडधोंड्यांचं, आणि खिसा बेताचा. योग्य लांबीचा, जिप्सीच्या वजनासाठी बनवलेला, कमी दाबाच्या गॅसचा दुहेरी नळीचा शॉकअप तुला पुरून उरेल. तो उलटा बसवू नकोस. साधा तेलाचा घेतलास तर लावण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा दाब-ओढ कर, आतली हवा निघते. एका धुऱ्यावरचे दोन्ही एकदम बदल. एक नवा आणि एक जुना, हे पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर आलं तर बघ.

तू म्हणतोस, मित्राने हेच लावले, आणि दुकानदार म्हणतो, सगळे हेच घेतात. तुझ्या मित्राच्या गाडीत तुझे पाटे आहेत का? दुकानदार तुझ्या गाडीखाली झोपला होता का? दुसऱ्याच्या मापाची चप्पल पायात घालून घाट उतरशील का? पाय तुझा, तर माप तुलाच घ्यावं लागेल. "जुनी गाडी आहे सर, अशीच असते." नसते. वेळच्या वेळी हात लावलेली पाट्यांची गाडी धक्के देते, पण भरकटत नाही. धक्का कुठला आणि भरकटणं कुठलं, हे ओळखण्याइतके तुझे हात तयार आहेत. ते मीच तयार केलेत, म्हणून हे ठामपणे सांगतो.

त्या सेटला नाही म्हणून कळव, आजच. ती तार काढ. पाटे नीट होऊन नवे शॉकअप बसेपर्यंत घाटात गाडी घालू नकोस, पोरांना एसटीने ने. पाटेवाल्याकडून गाडी आली की चार कोपऱ्यांची दोन-दोन मापं घे, आठ आकडे वहीत लिही आणि वही घेऊन माझ्याकडे ये. दुकानात मी तुझ्याबरोबर येईन.