भेटीचे वजन

आखाती देशांत नोकरीसाठी गेलेला मनुष्य सुट्टीवर गावी यायला निघतो, तेव्हा त्याच्यापुढे एक जुनाच प्रश्न उभा राहतो: कोणासाठी काय न्यावे? विमानातून नेता येणाऱ्या सामानाला वीस-तीस किलोंची मर्यादा असते. आप्तेष्टांच्या यादीला मात्र कोणतीच मर्यादा नसते. वरवर पाहता हा प्रश्न बाजारहाटाचा आहे. आमच्या मते तो मुळात नीतीचा आहे. मोजक्या वजनात कोणाला किती जागा द्यावी हे ठरवताना मनुष्य आपल्या नात्यांचाच हिशेब मांडत असतो.

देण्याघेण्यातील बारकावे आपल्या भाषेने फार काळजीपूर्वक जपले आहेत. लग्नातल्या आहेराची वहीत नावानिशी नोंद होते, कारण तो पुढे केव्हातरी फेडायचा असतो. नजराणा धाकट्याकडून थोराकडे जातो आणि त्यामागे काही अपेक्षा असते. दान घेणाऱ्याला देणाऱ्यापुढे थोडे वाकावेच लागते. खाऊची परतफेड कोणी मागत नाही. तो वडीलधाऱ्यांच्या पिशवीतून निघतो आणि मुलांच्या हाती पडताच संपतो. ‘भेट’ हा शब्द या सर्वांहून वेगळा आहे. हाती दिलेल्या वस्तूला आपण भेट म्हणतो आणि दोन माणसांची गाठ पडते तिलाही भेटच म्हणतो. हा योगायोग असला तरी त्यातून एक कसोटी हाती येते: ज्या वस्तूतून माणूस माणसाला भेटतो, तीच खरी भेट.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दाखवून दिले, की देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही तिन्ही समाजाने माणसावर घातलेली बंधने असतात. ज्याला आपण मोफत म्हणतो त्यालाही एक अदृश्य दोरी बांधलेली असते. ही दोरी माणसांना जोडते आणि तीच गळ्याला काचतेही. परदेशातून येणाऱ्या पेटीला ही दोरी विशेष घट्ट बांधलेली असते.

त्याला इतिहासाचे कारण आहे. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि त्यानंतरच्या वर्षांत केरळ, गोवा, कोकण, मुंबई व वसई परिसरातून असंख्य माणसे आखातात गेली. त्या काळी आपल्या देशात परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे टू-इन-वन, थर्मास, सुगंधी साबण, जपानी कापड, चॉकलेटचे डबे या वस्तूंना त्यांच्या उपयोगाहून मोठी किंमत आली. भिंतीवरील परदेशी घड्याळ वेळेबरोबरच त्या घराची प्रतिष्ठाही दाखवू लागले. १९९१ नंतर बाजार खुला होत गेला आणि २००१ च्या एप्रिलमध्ये आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधनेही बहुतांशी उठली. आज तेच चॉकलेट गावच्या नाक्यावर मिळते. दुर्मीळपणाचा आधार गळून पडल्यामुळे मूळ प्रश्न अधिकच उघडा झाला आहे: जे येथेच विकत मिळते, ते समुद्र ओलांडून का आणावे?

याचे उत्तर वस्तूत शोधू गेल्यास सापडणार नाही. जपानमध्ये प्रवासाहून परतणारा मनुष्य त्या त्या प्रांताची मिठाई सहकाऱ्यांसाठी आणतो. या रीतीला ‘ओमियागे’ म्हणतात. फिलिपिन्सचे कामगार वस्तूंनी भरलेले मोठे खोके घरी पाठवतात, त्याला ‘बालिकबायान’ खोके म्हणतात. नाताळ जवळ येऊ लागला की त्यांची लगबग वाढते. दोन्हीकडे सांगणे एकच असते: मी दूर होतो, तरी तुम्हांला विसरलो नव्हतो.

परंतु भेट जशी आठवण सांगते, तशी ती काही गोष्टी लपवूही शकते. एका खोलीत सात-आठ जणांनी काढलेले दिवस, ऐन उन्हातील जादा पाळ्या, एजंटाला दिलेल्या पैशांसाठी काढलेले कर्ज यांतले काहीही चकचकीत वेष्टनावर लिहिलेले नसते. घरच्यांना पेटी दिसते, पेटीमागचा मनुष्य दिसत नाही. मग कर्ज काढून भेटी आणल्या जातात आणि त्या पाहून शेजारचा तरुण त्याच वाटेला लागतो. अशा वेळी भेट मुक्याने खोटे बोलत असते, असे आम्ही म्हणू.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना, मुख्यत्वे जॉर्डनमधील अम्मानमार्गे, विमानांनी मायदेशी आणण्यात आले. वर्षांची कमाई मागे टाकून अनेकजण नेसत्या वस्त्रांनिशी परतले. त्या दिवसांत ‘काय आणलेस?’ हा प्रश्न कोणत्या आईने विचारला असेल? माणूस परत येणे हीच पहिली भेट असते. बाकीच्या भेटी तिच्या मागून येतात.

न्यायाचाही एक प्रश्न येथे आहे. घरी राहून आईवडिलांची शुश्रूषा करणारा भाऊ किंवा बहीण पेटी उघडताना बहुधा घेणाऱ्यांच्या रांगेत बसलेली असते. खरे पाहता ती देणाऱ्यांच्या रांगेतली आहे. सर्वांना सारखे देणे म्हणजे न्याय नव्हे. ज्याचे जे देणे लागतो ते ओळखणे हा न्याय. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेच्या दानाचे मोल प्रभूने तिच्यापाशी काय उरले यावरून केले, हे आपण जाणतोच. भेटीचे वजनही काट्यावर कळत नाही.

मग भेटी आणणेच सोडून द्यावे काय? आम्हांला हा उपाय कोरडा वाटतो. पाणी, तेल, भाकर यांसारख्या साध्या द्रव्यांतून कृपा येते असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांना प्रेमालाही द्रव्य लागते हे पटायला हवे. सुट्टी संपवून परत निघालेल्या मुलाच्या पेटीत वसईची आई सुकेळी, लोणचे, सुके बोंबील भरते. तिच्या भेटीत मुलाच्या जिभेची ओळख असते आणि स्वतःच्या हाताची मेहनतही. परदेशातून येणाऱ्या पेटीला याहून चांगला नमुना कोठे मिळणार?

तेव्हा आणणाऱ्याने प्रत्येक वस्तूपाशी क्षणभर थांबावे: ही घेताना त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आला होता काय? ती दिल्यावर त्याला ओझे तर होणार नाही ना? आणि घेणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. यादी पाठवू नये आणि पेटीचे कुलूप उघडण्याची घाई करू नये. आधी त्याला जवळ बसवून तिकडे दिवस कसे गेले ते विचारावे, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐकावे. त्यालाही भेट हवी असते.