ताण आणि बहार

संत्र्याचे झाड फुलवायचे तर आधी त्याला तहानेत ठेवावे लागते, हे वऱ्हाडातल्या वरूडकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. आंबिया बहार घ्यायचा असेल तर पौषाच्या थंडीत बगीच्याचे पाणी तोडायचे, पाने मलूल होऊन पिवळसर दिसू लागेपर्यंत मन घट्ट करून नुसते बघत राहायचे, आणि मग जमिनीचा पोत व झाडाचे वय ओळखून नेमक्या दिवशी पाणी देऊन ताण तोडायचा; थोड्याच दिवसांत सारे शिवार पांढऱ्या फुलांच्या वासाने जड होते. ताण कमी पडला तर फुलांऐवजी पालवी फुटते, जास्त झाला तर फांद्या वाळतात. "झाड तहानलं पायजे, मेलं नाई पायजे," असे इकडचा एखादा म्हातारा सहज बोलून जातो, आणि या दोहोंमधली बारीक रेघ त्याच्या नजरेत असते, पुस्तकात नसते. जगातल्या अवाढव्य नगरांविषयी वाचताना मला ही रेघ आठवत राहते. कारण नगरांच्या बहरासाठी भोवतालच्या भूमीला किती काळ तहानेत ठेवायचे, हा प्रश्न नगरनियोजनाच्या थोर थोर ग्रंथांत मला क्वचितच भेटला.

राज्यकर्त्यांना पडत आला तो वेगळाच प्रश्न, येणाऱ्याला थोपवण्याचा. 1970 मध्ये जकार्ताचे गव्हर्नर अली सादिकिन यांनी आपले शहर बाहेरच्यांसाठी बंद असल्याचे जाहीर केले. हाताला काम आणि डोक्यावर छप्पर असल्याचे दाखवता येत नसेल, तर खेड्यातून येणाऱ्याने येऊ नये, असा तो हुकूम होता. चीनने त्याआधीच, 1958 मध्ये, माणसाला त्याच्या गावाच्या नोंदवहीशी बांधून टाकले होते. तटबंदी पडून शतके लोटली तरी वेशीवरचा पहारेकरी राज्यकर्त्यांच्या मनातून काही गेला नाही, असेच म्हणावे लागते. पण हुकुमाने माणसे थांबली नाहीत: 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगातल्या नगरांची जी नवी क्रमवारी काढली तिच्यात जकार्ता पहिले आले, सुमारे 4 कोटी 20 लाख माणसांचे. त्यामागे ढाका, 3 कोटी 70 लाखांच्या आसपास, आणि इतकी वर्षे अग्रभागी असलेले टोकियो तिसरे. मोजण्याची रीत बदलली होती, हेही खरे. पालिकेची हद्द सोडून अखंड दाट वस्ती जिथवर जाते तिथवर नगर, असे या वेळी धरले. नगर कुठे संपते हा प्रश्न मुळात दिसतो तितका साधा नाही, आणि तो मला इथे, वरूडच्या चुडामणी नदीकाठी, मुंबईपासून सहा-सातशे किलोमीटरांवर बसूनही आपला वाटतो.

त्याच जकार्ताची जमीन आज खचते आहे, कारण नळाचे पाणी पुरेसे न पोचल्याने माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पायाखालचे पाणी उपसले. आता इंडोनेशियाने बोर्निओत नुसांतारा नावाची नवी राजधानी बांधायला घेतली आहे. हे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. वरूड आणि मोर्शी हे तालुके भूजलाच्या अतिशोषणासाठी सरकारी कागदांत केव्हाच नोंदले गेले आहेत. विहिरी आटल्या म्हणून बोअर आल्या, आणि त्या बोअर खाली सरकत सरकत आठशे-हजार फुटांच्या गोष्टी करू लागल्या. बोअरची गाडी रात्रभर घरघरते, पांढुरका भुकटा उडून कडेच्या झाडांच्या पानांवर बसतो, मालक बांधावर उकिडवा बसून बाहेर पडणाऱ्या मातीचा रंग बघत असतो, आणि पहाटे कधी ओला गाळ येतो, कधी नुसतीच धूळ. 2019 च्या उन्हाळ्यात टँकरने पाणी घालूनही न वाचलेल्या बगीच्यांचे सरपण झाले. तिथे एक महानगर आपल्या पायाखालची तहान बाहेर काढते, इथे पन्नास हजार वस्तीचे एक गाव. धरणीच्या पोटात मात्र लहान-मोठ्या गावांच्या वेगळ्या पंगती नसतात.

आणि ढाका? ते तर आमच्या ओळखीचे. वरूडच्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे बांगलादेश होता. व्यापारी बगीच्यात येतो, झाडाखाली उभा राहून मान वर करतो, दोन-चार ओळी फिरतो आणि एका नजरेत साऱ्या मालाचा अंदाज बांधतो. त्या नजरेत ढाक्याचा बाजार असे. बांगलादेशाने आयातशुल्क चढवत नेले तशी ती नजर इथे मंदावली, आणि ज्या घराने बहार धरून मुलाच्या शिक्षणाचा हिशेब मांडला होता त्या घरातला मुलगा पुण्याच्या गाडीत बसला. अर्थशास्त्र याला स्थलांतर म्हणेल. मला त्यात एका महानगराने नकळत दुसऱ्या महानगराकडे माणूस धाडलेला दिसतो. ढाक्याच्या शुल्काने पिंपरी-चिंचवडच्या एका खोलीत चौथी गादी पडते, आणि त्या खोलीचा नकाशा मंजूर करणाऱ्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नसते.

हा पाट जुना आहे. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, आणि त्याबरोबर इथली कापसाची काळी माती. अमेरिकेत यादवी पेटली आणि कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरला भिडला, आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात व गिरण्यांत ओतला जाऊ लागला. मुंबईच्या त्या पहिल्या वैभवात आमच्या मातीचा वाटा किती, हे कोणी मोजले असेल तर मला वाचायला आवडेल. पुढे कापसामागून माणसेही गेली, मुख्यतः कोकण-घाटावरची, आणि शहर दाटले. 1896 मध्ये प्लेग आला, 1898 मध्ये सुधार मंडळ स्थापन झाले. त्याने हवेसाठी आणि उजेडासाठी रुंद रस्ते काढले, पण आरंभीच्या वर्षांत जितकी घरे पाडली तितकी उभी केली नाहीत. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये 'मार्ग' नियतकालिकाच्या अंकात खाडीपलीकडच्या नव्या मुंबईचे स्वप्न मांडले, 1970 मध्ये ते उभारायला सिडको हे महामंडळ आले. त्या सुंदर, समंजस स्वप्नासाठीही 95 गावांची जमीन घ्यावी लागली आणि 1984 मध्ये त्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरच्या माणसाच्या उपजीविकेला जगण्याच्या हक्कात स्थान दिले, आणि त्याच निकालात, रीतसर नोटीस देऊन, त्याला तिथून उठवण्याची मुभाही दिली. मला या साऱ्या इतिहासात दुष्टपणा फारसा आढळत नाही. आढळते ती एक भीती: येणाऱ्या माणसाची.

या भीतीपासून मुक्त असलेला एक माणूस आमच्याच अमरावती जिल्ह्यात जन्मला होता. 1876 मध्ये शेंडगावी जन्मलेले डेबूजी, ज्यांना जग गाडगेबाबा म्हणते, त्यांनी नगरनियोजनाचे नावही ऐकले नसेल. पण खेड्यातला माणूस शहरात येतो तेव्हा त्याला पहिल्या रात्री नेमके काय लागते, हे त्यांनी ओळखले होते: पडायला ओसरी, चूल मांडायला जागा, आणि जात न विचारणारा दरवाजा. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई. जिथे जिथे गरिबाला जावे लागते तिथे तिथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या, स्वतःसाठी मात्र एक झोपडीही बांधली नाही. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातलग राहतात. एवढ्या मोठ्या शहरात येणाऱ्याला 'का आलास' असे न विचारणारी जागा एका खराटा घेतलेल्या वऱ्हाडी माणसाच्या नावाची असावी, याचा मला थोडा अभिमान वाटतो आणि पुष्कळशी खंतही, कारण धर्मशाळा हा धोरणाचा पर्याय नव्हे.

दरम्यान काळ पुढे गेला आहे. 2001 ते 2011 या दशकात मुंबई बेटाची लोकसंख्या चक्क घटली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, जिथून ते बेट भरले, तेही घटले. घरांच्या किमतींनी जे केले ते जकार्ताच्या हुकुमाला जमले नव्हते. माणसे आता वसई-विरारला, पनवेलला, पुण्याच्या कडेला साचतात. इकडे अमरावती शहराची तहान मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या धरणातून नळाने भागते. लहान प्रमाणावर तेच नाटक, तेच नेपथ्य. म्हणून माझे मत सरळ आहे: महानगराचे धोरण जिथून पाणी, फळ आणि माणूस निघतो तिथे सुरू झाले पाहिजे. वरूडच्या जमिनीत पाणी मुरवायला घातलेला रुपया हा मुंबई-पुण्याच्या नियोजनातलाच रुपया आहे, आणि तो तिथल्या उड्डाणपुलाहून मला अधिक दूरदृष्टीचा वाटतो.

येत्या जनगणनेचा संदर्भदिन 1 मार्च 2027 आहे. 2011 च्या प्रपत्रात जन्मस्थान, आधीचे राहण्याचे ठिकाण आणि ते सोडण्याचे कारण विचारले होते. कारणांसाठी काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतरचे स्थलांतर, कुटुंबासोबतचे स्थलांतर असे पर्याय होते, आणि शेवटी 'इतर'. पाणी आटल्यामुळे गाव सोडणाऱ्याला स्वतंत्र रकाना नव्हता. तुम्ही पुण्यात असा, ठाण्यात असा, प्रगणक दारात आला तर घाईने पत्ता सांगून त्याला वाटेला लावू नका. कुठून आलात ते गावाच्या नावासकट सांगा, आणि का आलात तेही, मग त्याला ते 'इतर'मध्ये लिहावे लागले तरी चालेल.