होडीतल्या मुलाचे बोट

शास्त्रपाठ : हबक्कूक 1:13-14, याकोब 1:22-25, लूक 19:1-10



मोठा मासा लहान माशाला खातो, ही म्हण आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. हबक्कूक संदेष्ट्याने हेच गाऱ्हाणे देवापुढे मांडले. दुष्ट मनुष्य आपल्याहून नीतिमान असलेल्याला गिळतो. मग माणसे समुद्रातल्या धनी नसलेल्या माशांसारखी झाली काय, असे तो विचारतो. सोळाव्या शतकातल्या नेदरलँड्समध्येही ही म्हण लोकांच्या तोंडी होती. तिच्यावर निघालेले एक जुने चित्र आज आपण मननासाठी घेऊ.

1556 साली पीटर ब्रूगेल या चित्रकाराने ते रेखाटले. 1557 साली पीटर व्हान डर हेडन याने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरले आणि अँटवर्प शहरातील प्रकाशक हिएरोनिमस कॉक याने त्याचे छाप विक्रीस काढले. रंगवलेले चित्र एकाच घरी राहते. पण कोरलेल्या पत्र्यात शाई भरून त्यावर कागद दाबला की छापामागून छाप निघतात. अशा रीतीने म्हणीतला बोध पुष्कळांच्या हाती जाई.

चित्रात एक अवाढव्य मासा किनाऱ्यावर पडला आहे. एक मनुष्य प्रचंड सुरीने त्याचे पोट चिरीत आहे. पोटातून आणि तोंडातून मासेच मासे बाहेर येत आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या तोंडात आणखी लहान मासे आहेत! येथे आपण थांबून विचार करू. जो गिळला गेला त्यानेही कोणाला तरी गिळलेच होते. अन्याय सोसला म्हणून मनुष्य आपोआप नीतिमान ठरत नाही.

चित्राच्या कागदावरही या म्हणीची छाया पडली आहे. त्यावर ब्रूगेलचे नाव नाही. 1516 साली मरण पावलेल्या हिएरोनिमस बॉस या नामांकित चित्रकाराचे नाव आहे. प्रसिद्ध नावामुळे चित्र अधिक खपेल असा हिशोब त्यामागे असावा, असे जाणकार मानतात. बोध विकणाऱ्या दुकानातही मोठे नाव लहान नावाला गिळू शकते.

आता चित्राच्या खालच्या भागातील होडी पाहा. तीत एक बाप मुलाला तो मोठा मासा दाखवीत आहे. त्याच्याजवळ एकच लॅटिन शब्द कोरला आहे, ‘एक्के’, म्हणजे ‘पाहा’. ही जगाची रीत आपल्याला फार दिवसांपासून ठाऊक आहे, असे बाप मुलाला सांगतो. पण मुलगा काय करतो? तो बोट दाखवतो ते त्यांच्याच होडीतल्या तिसऱ्या मनुष्याकडे. तो मनुष्य एका माशाच्या तोंडातून लहान मासा ओढून काढीत आहे. बापाने दूरचे दाखवले. मुलाला जवळचे दिसले!

प्रियजनहो, आपल्या घरी काय घडते? जेवताना आपण मुलांना सांगतो, “जग असेच आहे, बाबा.” पुढारी खातात, साहेब खातात, सावकार खातात. हे सर्व खरेही असेल. पण मुले आपल्याच होडीत बसलेली असतात. भांडी घासणाऱ्या बाईचे दोन खाडे झाले की आपण तिचा पगार कसा कापतो, विधवा भावजयीचा वाटा कसा लांबणीवर टाकतो, हे ती पाहतात. त्यांचे बोट कोठे वळेल?

ब्रूगेलनेच 1558 साली ‘एल्क’ या नावाचे दुसरे चित्र काढले. त्याचेही छाप निघाले. एल्क म्हणजे प्रत्येक जण. एक म्हातारा चष्मा लावून, कंदील घेऊन पिंपांत आणि गाठोड्यांत काही शोधीत आहे. मागे भिंतीवर आरशात पाहणाऱ्या एका वेड्याचे चित्र असून, कोणीही स्वतःला ओळखत नाही, असा त्याखालील शब्दांचा आशय आहे. याकोबानेही आरशात मुख पाहून लगेच विसरणाऱ्याविषयी लिहिले आहे. आपला कंदील दुसऱ्याच्या पिंपात फार वेळ फिरतो. आरशासमोर मात्र तो क्षणभरही थांबत नाही.

मग सुटका कशात आहे? यरीहोचा जक्कय हा मुख्य जकातदार होता. वरती रोमी सत्ता आणि खाली गरीब रयत, असा तो मधला मासा. उंबराच्या झाडावर चढून तो येशूला पाहू लागला. पण त्याआधी येशूनेच त्याला शोधले आणि त्याच्या घरी उतरला. तेव्हा जक्कय उभा राहून बोलला. लॅटिन शास्त्रात त्याच्या बोलण्याचा पहिला शब्द तोच आहे, ‘एक्के’, पाहा! होडीतल्या बापाने त्या शब्दाने जगाची रीत दाखवली. जक्कयाने त्याच शब्दाने आपली थैली उघडून दाखवली: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट. कोणी पोट चिरण्यापूर्वीच या माशाने आपण होऊन तोंड उघडले, कारण कृपा त्याच्या घरी आली होती.

तीच कृपा आपल्या दाराशी उभी आहे. या महिन्यात कोणाचे काही आपल्याकडे अडकले असेल, मग ती मजुरी असो, वाटा असो की दुसऱ्याच्या कष्टाचे श्रेय असो, ते परत करू या, आणि मुलांच्या देखत करू या. म्हणजे त्यांचे बोट आपल्याकडे वळले तरी आपल्याला मान खाली घालावी लागणार नाही. प्रभू आपणा सर्वांस तसे करण्यास साहाय्य करो. आमेन.